एकसष्टचे उत्तर

१,७६,६३,१९,०४९ ही संख्या दिसायला इतर कोणत्याही दहा अंकी संख्येसारखीच आहे. तिचे वेगळेपण तिच्या दोन शेजाऱ्यांत दडलेले आहे. तिच्याहून एकाने लहान असलेली १,७६,६३,१९,०४८ ही संख्या २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. एकाने मोठी असलेली १,७६,६३,१९,०५० ही ३,८०५ च्या वर्गाची बरोबर १२२ पट आहे आणि १२२ म्हणजे ६१ ची दुप्पट. या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार केला की ६१ गुणिले २२,६१,५३,९८० चा वर्ग मिळतो. हा गुणाकार मूळ संख्येच्या वर्गापेक्षा फक्त एकाने कमी असतो, कारण कोणत्याही संख्येच्या मागच्या-पुढच्या संख्यांचा गुणाकार तिच्या वर्गाहून एकानेच कमी भरतो. म्हणजेच

६१ × (२२,६१,५३,९८०)² + १ = (१,७६,६३,१९,०४९)²

आणि दोन्ही बाजूंची किंमत ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ इतकी, म्हणजे एकोणीस अंकी.

हे ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न एका ओळीत मावतो. कोणत्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो? शून्य घेतले तर प्रश्न लगेच सुटतो, पण त्याला कोणी उत्तर म्हणत नाही. शून्य सोडले तर २२,६१,५३,९८० च्या आधीची एकही संख्या चालत नाही. ६१ च्या आसपासच्या संख्यांचे असे नाही. ६० साठी हाच प्रश्न ४ वर सुटतो (६० × १६ + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग), ६२ साठी ८ वर, आणि ६३ साठी तर १ वरच. शंभराच्या आतल्या सगळ्या संख्यांत सर्वांत मोठे उत्तर ६१ चे आहे. ९७ चे उत्तरही मोठे म्हणावे लागेल, पण त्यातली मोठी संख्या सव्वासहा कोटींच्या आसपास थांबते. सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता १ पासूनची प्रत्येक संख्या तपासत गेले, तर ६१ चे उत्तर हाती यायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ते अर्ध्या पानाच्या हिशेबात काढले. त्यामागे पाचशे वर्षांची तयारी होती.

ही तयारी ब्रह्मगुप्तापासून सुरू होते. त्याने वयाच्या तिसाव्या वर्षी, इ.स. ६२८ मध्ये, आजच्या राजस्थानातील भिनमाळ येथे ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यातल्या कुट्टकाध्यायात वर्गप्रकृती या नावाने हा प्रश्न सर्वसामान्य रूपात येतो. ज्या संख्येने गुणायचे ती प्रकृती, जिचा वर्ग करायचा ते कनिष्ठ मूळ, ज्याचा वर्ग मिळतो ते ज्येष्ठ मूळ आणि मधे जी संख्या मिळवायची ती क्षेप. क्षेप एक असेल असे उत्तर एकदम सापडणे अवघड असते. क्षेप काहीही चालेल असे म्हटले तर मात्र उत्तरे हवी तितकी मिळतात. प्रकृती ९२ असेल, तर ९२ × १ + ८ = १००, म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ १० आणि क्षेप ८.

ब्रह्मगुप्ताचा शोध असा की एकाच प्रकृतीची अशी दोन उत्तरे हाती असली तर त्यांच्यापासून तिसरे तयार करता येते. एका उत्तराचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने असा दोन्हीकडून तिरपा गुणाकार करायचा. याला वज्राभ्यास म्हणतात. त्यांची बेरीज हे नवे कनिष्ठ. दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीने गुणून त्यात दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवे ज्येष्ठ येते, आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप होतो. या क्रियेला भावना असे नाव आहे. ९२ च्या वरील उत्तराची त्याच्याशीच भावना केली तर कनिष्ठ २०, ज्येष्ठ १९२ आणि क्षेप ६४ मिळतो. ६४ हा ८ चा वर्ग असल्याने दोन्ही मुळांना ८ ने भागले की क्षेप १ उरतो, फक्त कनिष्ठ अडीच असे अपूर्णांकात येते. या नव्या उत्तराची पुन्हा स्वतःशीच भावना केली की अपूर्णांक जातो आणि उत्तर येते १२० व ११५१. पडताळा सोपा आहे: ९२ × १४,४०० + १ = १३,२४,८०१ आणि ११५१ चा वर्गही तेवढाच. ब्रह्मगुप्ताने ९२ आणि ८३ यांचे प्रश्न घालून, जो ते वर्षभरात सोडवील तो गणक, असे म्हटले आहे. वर्षभराची मुदत देणाऱ्याकडे काही पायऱ्यांत संपणारी रीत होती, हे लक्षात घेतले की या आव्हानातला मिस्कीलपणा कळतो.

क्षेप उणे किंवा अधिक १, २ वा ४ आला की भावनेने तो १ वर आणता येतो, हेही ब्रह्मगुप्ताने दाखवले. पण तिथपर्यंत पोचायचे कसे, हे त्याच्या ग्रंथात नाही. तोपर्यंत अंदाजाने चाचपडणे किंवा सोयीची प्रकृती निवडणे एवढेच हाती होते.

ही उणीव चक्रवाल पद्धतीने भरून काढली. ती भास्कराचार्यांच्या नावाने ओळखली जाते, पण त्यांच्याआधी ती जयदेव नावाच्या आचार्याला ठाऊक होती. जयदेवाचा स्वतःचा ग्रंथ उपलब्ध नाही. उदयदिवाकराने १०७३ मध्ये ‘लघुभास्करीय’ या ग्रंथावर ‘सुंदरी’ नावाची टीका लिहिली, तिच्यात जयदेवाचे श्लोक टिकून राहिले. लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते प्रकाशात आणले, तोवर इतिहासकारांना जयदेवाच्या या कामाचा पत्ता नव्हता. पद्धतीचा मूळ जनक कोण, या प्रश्नाचे उत्तर आज फार तर ‘१०७३ पूर्वीचा कोणी तरी’ असेच देता येते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, पूर्ण केला. त्यातला बीजगणिताचा भाग येथे महत्त्वाचा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे ते सांगतात. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. घराण्याचा खानदेशाशी असलेला संबंध मात्र दगडात कोरलेला आहे. चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटणे येथे सापडलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण्याला मठ काढला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले, अशी हकिकत या शिलालेखात येते. दानाचे वर्ष शके ११२८ आहे. मुख्य लेख संस्कृतात आहे, शेवटी मठाला बाजारातून मिळायच्या उत्पन्नाचा तपशील मात्र तेव्हाच्या मराठीत कोरला आहे. गणिताच्या ग्रंथांसाठी बाजारातल्या खरेदी-विक्रीवर लाग बसवल्याचे असे उदाहरण विरळाच.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात एकाच श्लोकात दोन प्रश्न आहेत, एक ६७ चा आणि दुसरा ६१ चा. चक्रवालाची रीत अशी की कोणत्याही सोयीच्या उत्तरापासून निघायचे आणि प्रत्येक फेरीत एक गुणक निवडायचा. तो असा असावा की कनिष्ठाला त्याने गुणून ज्येष्ठ मिळवले असता बेरजेला जुन्या क्षेपाने नि:शेष भाग जावा. असा गुणक काढण्यासाठी आर्यभटापासून चालत आलेली कुट्टकाची रीत तयारच होती. चालणाऱ्या गुणकांपैकी ज्याचा वर्ग प्रकृतीच्या जवळ असेल तो घ्यायचा. भागाकार हे नवे कनिष्ठ. गुणकाचा वर्ग आणि प्रकृती यांच्यातल्या फरकाला जुन्या क्षेपाने भागले की नवा क्षेप मिळतो. या दुसऱ्या अटीतच खरी हुशारी आहे. वर्ग प्रकृतीच्या जवळ ठेवल्यामुळे क्षेप कधी भडकत नाही, मुळे वाढत गेली तरी तो लहानच राहतो.

६१ च्या सर्वांत जवळचा वर्ग ६४. म्हणून ६१ × १ + ३ = ६४ येथून सुरुवात होते: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा गुणक हवा की त्यात ८ मिळवल्यावर ३ ने भाग जाईल. १, ४, ७, १० असे गुणक चालतात आणि त्यांतला ७ चा वर्ग, ४९, हा ६१ ला जवळचा आहे. ७ आणि ८ मिळून १५, त्याला ३ ने भागून नवे कनिष्ठ ५. ४९ मधून ६१ वजा करून उणे १२, त्याला ३ ने भागून नवा क्षेप उणे ४. ज्येष्ठ येते ३९. खरोखरच ६१ × २५ − ४ = १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग.

एकाच फेरीत क्षेप उणे ४ वर आला. इथून पुढे चक्र फिरवायची गरज राहत नाही, ब्रह्मगुप्ताची भावना पुरते. दोन्ही मुळांना २ ने भागले की कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२ आणि क्षेप उणे १. याची स्वतःशीच भावना केल्यावर कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२ आणि क्षेप अधिक १. उत्तर अपूर्णांकात चालणार असते तर प्रश्न इथेच संपला असता. पूर्णांक हवे म्हणून या उत्तराची आधीच्या उणे १ वाल्या उत्तराशी भावना करायची. तेव्हा कनिष्ठ ३८०५ आणि ज्येष्ठ २९,७१८ येते. अपूर्णांक गेले, पण क्षेप पुन्हा उणे १ झाला. शेवटी याची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ होते २ × ३८०५ × २९,७१८ = २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. दहा अंकी संख्येचे दोन शेजारी इतके नीटस का, याचा उलगडा या शेवटच्या पायरीत होतो. त्यांच्यात दिसणाऱ्या २९,७१८ आणि ३८०५ या संख्या म्हणजे उत्तराच्या अलीकडचा मुक्काम आहेत.

या हिशेबातली खरी करामत अपूर्णांकांना न भिण्यात आहे. पूर्णांकाचे उत्तर शोधताना मधे अर्ध्यांवर उतरायचे आणि भरवशाने पुन्हा पूर्णांकांवर परतायचे, हे धाडस नंतरच्या युरोपीय रीतीत नाही. वितत अपूर्णांकाच्या, म्हणजे छेदात पुन्हा पुन्हा अपूर्णांक येत जाणाऱ्या मांडणीच्या, ज्या रीतीने पुढे युरोपात हा प्रश्न सुटला, तिच्यात ६१ च्या वर्गमुळाची बावीस पदे घ्यावी लागतात. भास्कराचार्यांनी चक्राची एक फेरी आणि तीन भावना एवढ्यात ते भागवले.

अशा उत्तरांचा एक रोकडा उपयोगही होता. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले की प्रकृतीचे वर्गमूळ जवळजवळ मिळते, आणि मुळे जितकी मोठी तितके ते अचूक. १,७६,६३,१९,०४९ ला २२,६१,५३,९८० ने भागल्यास ६१ चे वर्गमूळ ७.८१०२४९६७५९०६६५४३९ असे दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बरोबर येते. नारायण पंडिताने १३५६ मधल्या ‘गणितकौमुदी’त वर्गप्रकृतीचा असा उपयोग सांगितला आहे. ९७ आणि १०३ या प्रकृतीही त्याने सोडवल्या. मूळ विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामाचे आणि नंतर काशीत स्थायिक झालेले एक घराणे होते. त्यातल्या कृष्ण दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहून भावना आणि चक्रवाल यांच्या उपपत्ती दिल्या. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे फारसी भाषांतर केले.

त्यानंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांत हीच संख्या फ्रान्समध्ये अवतरली. तूलूझच्या न्यायसभेत काम करणारा प्येर द फेर्मा फावल्या वेळात गणित करी. फेब्रुवारी १६५७ मध्ये त्याने वर्गप्रकृतीचा प्रश्न सर्व गणितज्ञांना, विशेषतः इंग्लंडमधल्या, आव्हान म्हणून घातला. फ्रेनिक्ल या पॅरिसच्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने फार त्रास नको म्हणून दोन लहान संख्या सुचवल्या, ६१ आणि १०९. या सौजन्यात खोच होती. १५० पर्यंतच्या संख्यांत १०९ चे उत्तर सर्वांत मोठे आहे. त्यातली मोठी संख्या १५,८०,७०,६७,१९,८६,२४९, म्हणजे पंधरा अंकी. ६१ आणि १०९ नेमक्या निवडणाऱ्या फेर्माला उत्तरे आधीच ठाऊक होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. भारतीय ग्रंथ त्याच्यापर्यंत पोचल्याचा मात्र कोणताही पुरावा नाही. ६१ ची निवड दोन्हीकडे सारखी असण्याचे कारण साधे आहे: लहान संख्यांची उत्तरे क्रमाने काढत जाणारा कोणीही माणूस तिथेच अडखळतो.

इंग्लंडकडून आधी जे उत्तर गेले ते अपूर्णांकातले होते. अपूर्णांक चालत असतील तर हा प्रश्न कोणत्याही संख्येसाठी दोन ओळींत सुटतो. फेर्माने ते नाकारले आणि पूर्णांकांचा आग्रह धरला. मग लॉर्ड ब्राउंकरने एक रीत शोधली. ऑक्सफर्डचा प्राध्यापक जॉन वॉलिस याने ती नीट मांडली. दरम्यान फ्रेनिक्लने १५० पर्यंतची उत्तरे काढून पुढची ३१३ ची संख्या इंग्रजांपुढे टाकली. ब्राउंकरने ती तास-दोन तासांत सोडवल्याचे कळवले. तिच्यातली मोठी संख्या सतरा अंकी आहे. हा सारा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये छापून टाकला, त्यामुळे या वादाचा तपशील आज उपलब्ध आहे. फेर्माचे समाधान मात्र झाले नाही. रीत दर वेळी चालते हे दाखवणे वेगळे आणि ती नेहमीच चालेल हे सिद्ध करणे वेगळे, हा त्याचा आक्षेप १६५९ मधल्या पत्रात नोंदलेला आहे. तो रास्त होता, पण त्याने स्वतःची सिद्धताही लिहून ठेवली नाही.

सिद्धता लाग्रांझने १७६८ मध्ये दिली. त्याच्याआधी ऑयलरने वितत अपूर्णांकांचा मार्ग बराच साफ केला होता. त्याच ऑयलरने ब्राउंकरचे श्रेय चुकून जॉन पेल या दुसऱ्याच इंग्रजाला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव रूढ झाले. पेलचा या प्रश्नाशी संबंध नगण्य होता.

भारतीय पद्धतीची युरोपला ओळख झाली ती लाग्रांझच्या सिद्धतेनंतर. एडवर्ड स्ट्रेचीने १८१३ मध्ये बीजगणिताचा फारसीवरून इंग्रजी अनुवाद केला आणि हेन्री कोलब्रुकने १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांचे गणित थेट संस्कृतातून इंग्रजीत आणले. फेर्माने घातलेल्या ६१ चे उत्तर त्याच्या पाचशे वर्षे आधीच्या ग्रंथात जसेच्या तसे आहे, हे तेव्हा उघड झाले. जर्मन इतिहासकार हेरमान हांकेल याने १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, लाग्रांझपूर्वी संख्यासिद्धान्तात झालेल्या कामात चक्रवाल सर्वांत उत्कृष्ट, असा निर्वाळा दिला.

प्रशंसा झाली तरी फेर्माचा आक्षेप चक्रवालालाही लागू होता. चक्र प्रत्येक प्रकृतीसाठी शेवटी १ वर येऊन थांबतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही आणि ती आहे असा दावा करणे योग्य होणार नाही. ती म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातले ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात दिली. लाग्रांझची रीत आणि चक्रवाल एकच, असा समज तेव्हा युरोपात पसरू लागला होता. चक्रवालाच्या पायऱ्या वेगळ्या पडतात आणि बहुधा कमी लागतात, हे अय्यंगारांनी दाखवून दिले.

त्याच श्लोकातला ६७ चा प्रश्न वाचकांना कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येईल. ६७ × १ − ३ = ६४ येथून निघावे आणि गुणक अनुक्रमे ७, ५ व ९ घ्यावेत. तिसऱ्या फेरीअखेर कनिष्ठ २७, ज्येष्ठ २२१ आणि क्षेप उणे २ येतो. त्याची स्वतःशीच एकदा भावना करून दोन्ही मुळांना २ ने भागले की उत्तर मिळते: ५,९६७ आणि ४८,८४२.